हलवायाच्या घरावर तुळशीपत्र
मालकांच्या करसवलतीचा हिशेब कामगाराने का मागावा

मागच्या हिवाळ्यात महासंघाच्या बैठकीसाठी चंदीगडला जाणे झाले. बैठक दुपारी आटोपली, परतीची गाडी रात्रीची. बरोबर नागपूरचे एक निवृत्त टपाल कर्मचारी होते. चंदीगडला गेलेला टपालवाला तिथले मोठे पोस्ट पाहिल्याशिवाय कसा परतेल? ते पोस्ट सेक्टर १७ मध्ये. म्हणून दोघे चालत तिकडे गेलो.

सेक्टर १७ म्हणजे चंदीगडची बाजारपेठही आणि कचेरीही. मधल्या चौकात वाहनांना बंदी, एक कारंजे, बाजूला काँक्रीटच्या खांबांखाली ओळीने दुकाने. पण आपल्यासारख्यांची नजर दुकानांवर थोडीच ठरते? ती गेली कचेऱ्यांच्या पाट्यांवर. याच सेक्टरात आयकर भवन आहे. पंजाब सरकारचे उद्योग भवन आहे. हरियाणाच्या उद्योग खात्याची कचेरीही इथेच. आणि भविष्य निर्वाह निधीचे, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या पीएफचे, प्रादेशिक कार्यालयही इथेच.

त्या पीएफ कार्यालयाबाहेर एक पोरगा फोनवर मराठीत बोलत होता. "आई, उद्या परत बोलावलंय." परमुलखात मराठी कानावर पडली की पाय थांबतातच. विचारपूस केली. पोरगा हिंगोली जिल्ह्यातला, आयटीआय फिटर. मोहालीच्या बाहेर एका कारखान्यात चार वर्षे काम. मी विचारले, "अडलंय कुठे?" त्याने मोबाइलवर पासबुक उघडून दाखवले. "बघा ना काका, मशीन बदललं नाही, पाळी बदलली नाही, सुपरवायझरही तोच. पण पासबुकात मालक तीन." तिन्ही ठेकेदार. पहिल्याने गाशा गुंडाळला, आणि जाताना याची काम सोडल्याची तारीख भरली नाही. म्हणून पैसे अडकले. तीन खेपा झाल्या होत्या, प्रत्येक खेपेला एका दिवसाची मजुरी बुडाली होती.

टपालवाले काका म्हणाले, "एकाच माणसाची तीनदा नवी भरती!" ते सहज बोलून गेले, पण माझ्या डोक्यात ते वाक्य घर करून बसले. कारण त्याच सेक्टरातल्या बाकीच्या तीन कचेऱ्यांत नव्या भरतीला भाव आहे. नवा माणूस कामावर घेतला म्हणून मालकाला करात सूट मिळते, अनुदान मिळते. ज्याच्या नावावर हे मिळते तो मात्र चौथ्या कचेरीच्या पायरीवर उभा. या लेखाचा सगळा विषय एवढाच आहे.

सूट, वजावट, परतावा : नावे अनेक, खिसा एक

कराचे नाव काढले की आपला कामगार म्हणतो, ते सीएचे काम, आपल्याला काय त्यातले कळते? साथींनो, हीच समजूत मालकवर्गाला हवी आहे. प्रकरण अवघड नाही. मालकाला कराच्या रूपाने सरकार पैसे सोडते ते मुख्यत्वे तीन वाटांनी.

पहिली वाट वजावटीची. कर मोजण्याआधी उत्पन्नच कमी धरायचे. दुसरी वाट थेट करातून सुटीची. कराचा जो आकडा निघाला त्यातून ठरावीक रक्कम कमी करायची, किंवा काही वर्षे कर माफच. तिसरी वाट परताव्याची. कर आधी भरायचा, मग अनुदान म्हणून परत घ्यायचा. वाट कोणतीही असो, तिजोरीत येणारा किंवा आलेला रुपया मालकाकडे जातो. तिजोरीतून बाहेर दिलेला रुपया आणि तिजोरीत येऊच न दिलेला रुपया यांत फरक काय? फरक इतकाच, की रेल्वेला दिलेल्या रुपयावर संसदेत चर्चा होते, आणि सोडून दिलेला रुपया अंदाजपत्रकाच्या परिशिष्टात झोपून राहतो. २००६-०७ पासून केंद्राच्या अंदाजपत्रकासोबत अशा सोडलेल्या महसुलाचे विवरण येते. आधी त्याला सरळ 'सोडलेला महसूल' म्हणत. पुढे ते नाव बोचू लागले, म्हणून 'कर प्रोत्साहनांचा महसुलावरील परिणाम' असे गुळगुळीत बारसे झाले. त्या विवरणात एकूण आकडे असतात. कोणत्या कंपनीने किती घेतले आणि किती माणसे लावली, हे त्यात नसते.

दोनशे चाळीस दिवसांचे दोन अर्थ

आता नोकरीच्या नावावरची सूट पाहा. १९६१ च्या आयकर कायद्यात १९९८ साली कलम ८०-जेजेएए आले. नवे कामगार घेणाऱ्या कारखानदाराला त्यांच्या वेतनाच्या ३० टक्के रकमेची जादा वजावट, तीन वर्षे. जादा म्हणण्याचे कारण, पगार हा खर्च म्हणून आधीच पूर्ण वजा होतो. त्याच्यावर ही ३० टक्क्यांची मलई. २०२५ च्या नव्या आयकर कायद्यातही ही सवलत कायम राहिली.

गणित करू. महिना २० हजारांचा एक कामगार घ्या. वर्षाचा पगार २ लाख ४० हजार. त्याचे ३० टक्के म्हणजे ७२ हजारांची वर्षाला जादा वजावट. २२ टक्के कर, त्यावर अधिभार आणि उपकर मिळून कंपनीला साधारण २५.१७ टक्के पडतात. म्हणजे त्या एका कामगारामागे कंपनीचा वर्षाला सुमारे १८ हजारांचा कर वाचतो, तीन वर्षांत सुमारे ५४ हजारांचा. हजार कामगार असतील तर साडेपाच कोटींच्या आसपास. कामगाराच्या हाती यातला एक पैसा येत नाही. आपल्या नावावर असे काही घेतले गेले, हे त्याला कोणी सांगतही नाही.

मूळच्या कलमात एक चांगली गोष्ट होती. सवलत फक्त 'नियमित' कामगारासाठी होती. तात्पुरता आणि ठेकेदारामार्फत लावलेला कामगार त्यातून स्पष्टपणे वगळला होता, आणि वर्षात ३०० दिवस काम ही अट होती. २०१६ साली कलम नव्याने लिहिले गेले. सवलत फक्त कारखान्यांपुरती न राहता टॅक्स ऑडिट लागणाऱ्या सगळ्या धंद्यांना खुली झाली, दिवस ३०० चे २४० झाले, पगाराची मर्यादा महिना २५ हजार आणि पीएफचे सभासदत्व या अटी राहिल्या. ठेका कामगाराला वगळणारे शब्द मात्र गळाले. गळाले की गाळले, ते तुम्हीच ठरवा. परिणाम असा, की माणसे पुरवणे हाच ज्यांचा धंदा, त्या ठेकेदार कंपन्याही या सवलतीच्या हकदार झाल्या. अशा मोठ्या कंपन्यांचे वार्षिक अहवाल उघडा, ही वजावट तिथे राजरोस मांडलेली दिसते. कायद्याने दिली, त्यांनी घेतली.

आता हा २४० चा आकडा आपल्या ओळखीचा आहे की नाही? १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने वर्षात २४० दिवस भरलेल्या कामगाराची सेवा सलग मानली आणि त्याला कपातीपासून काही संरक्षण दिले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही सलग सेवेचे माप तेच आहे. म्हणून तर २४० दिवस भरू नयेत यासाठी मालक ब्रेक देत आले. रेल्वेतल्या जुन्या माणसांना हे सांगायला नको. खुल्या लाइनीवरच्या हंगामी गँगमनला १२० दिवसांनी तात्पुरत्याचा दर्जा मिळायचा, म्हणून दिवस भरायच्या आत त्याला घरी बसवण्याच्या हकिगती आपण वडीलधाऱ्यांकडून ऐकल्या आहेत. प्रकल्पांवरच्या हंगामी कामगारांना १९८५ साली इंदरपाल यादव खटल्यात थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले, तेव्हा कुठे दाद लागली.

म्हणजे गंमत अशी. कामगार न्यायालयात मालक शपथेवर सांगतो की या माणसाचे २४० दिवस भरलेच नाहीत, आणि भरले असतील तर तो ठेकेदाराचा, आमचा नव्हे. आयकर भवनात तोच ठेकेदार लेखापरीक्षकाच्या सहीने सांगू शकतो की याचे २४० दिवस भरले, आमची वजावट द्या. दोन्ही कागद सरकारी कचेऱ्यांतच पडलेले. पण या कचेरीचा कागद त्या कचेरीला भेटत नाही. आणि कामगाराला तर दोन्ही कागदांचे दर्शन नाही. हिंगोलीच्या त्या पोराच्या तीन ठेकेदारांपैकी कोणी त्याच्या नावावर सवलत मागितली का? विचारायचे कोणाला? कंपनीचे आयकर विवरण गोपनीय. माणूस उघड, त्याचा घाम उघड, त्याच्या नावाने केलेला दावा तेवढा गुप्त!

रोजगाराच्या नावाने नवी दक्षिणा

ही झाली आयकराची गोष्ट. शेजारच्या दारात काय चालते? हरियाणाच्या २०२० च्या उद्योग धोरणात स्थानिक कामगारामागे मालकाला वर्षाला ४८ हजार रुपयांपर्यंत अनुदान ठेवले गेले. पंजाबनेही आपल्या धोरणांत राज्य जीएसटीच्या परताव्याची हमी घातली. एकाच सेक्टरात दोन राज्यांच्या कचेऱ्या, चालत दहा मिनिटांवर. या दारात कमी मिळाले तर मालक त्या दारात जातो. बाजार तो आणखी कसा असतो?

केंद्रानेही १ जुलै २०२५ रोजी मोठी योजना मंजूर केली. तिचे नाव प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजना, तरतूद ९९,४४६ कोटी, काळ १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७. पहिल्यांदा नोकरीला लागणाऱ्याला एका महिन्याच्या पगाराइतके, जास्तीत जास्त १५ हजार, तेही दोन हप्त्यांत. मालकाला मात्र प्रत्येक जादा कामगारामागे महिना ३ हजारांपर्यंत, दोन वर्षे; कारखानदाराला आणखी दोन वर्षे. हिशेब करा. कामगाराला फार तर १५ हजार, कारखानदाराला ४८ महिन्यांचे १ लाख ४४ हजारांपर्यंत. नोकरी टिकली पाहिजे ती सहा महिने, ही अट. कायम केले पाहिजे ही अट कुठेही नाही. वऱ्हाडी उपाशी आणि वाजंत्री तुपाशी, असे हे लग्न.

बद्दी : करसुट्टीचे गाव

चंदीगडहून तासाभराच्या अंतरावर हिमाचलात बद्दी आहे. ७ जानेवारी २००३ रोजी केंद्राने हिमाचल आणि उत्तरांचलसाठी खास पॅकेज जाहीर केले. नव्या कारखान्याला दहा वर्षे उत्पादन शुल्क पूर्ण माफ. कलम ८०-आयसीखाली पहिली पाच वर्षे नफ्यावरचा आयकर पूर्ण माफ, पुढची पाच वर्षे कंपन्यांना ३० टक्के वजावट. बघता बघता बद्दी, बरोटीवाला, नालागड हा पट्टा औषध कारखान्यांनी भरला. सिप्ला, टॉरंट, डॉ. रेड्डीज अशा मोठमोठ्या नावांनी तिथे कारखाने काढले. पंजाब आणि हरियाणाने ओरड केली की आमचे कारखाने उचलून डोंगराकडे नेले जात आहेत. मुंबई-ठाण्यातला औषध कामगार मात्र ओरडत बसला नाही, तो स्वेच्छानिवृत्तीच्या कागदावर सही करत होता. त्याच्या खात्यातले उत्पादन कमी झाले, नव्या गोळ्या डोंगरात बनू लागल्या, आणि त्याला सांगितले गेले की बाजाराचा नियमच असा आहे. बाजाराचा नियम कसला? सरकारने करातून भाडे भरून कारखान्याला गाडीत बसवले होते!

पहाडी राज्यातल्या तरुणाला काम मिळू नये, असे मी म्हणत नाही. तो आपलाच भाऊ. माझे म्हणणे एवढेच, की जुना कायम कामगार इकडे घालवून तिकडे नवा ठेका कामगार लावला, तर देशात रोजगार वाढला किती? वजाबाकी कोणी केली का?

आणि सुट्टी संपली तरी सुटत नाही. २०१७ साली जीएसटी आला, उत्पादन शुल्क गेले, माफीही जायला हवी होती. पण ५ ऑक्टोबर २०१७ च्या योजनेने अशा कारखान्यांना उरलेल्या मुदतीसाठी रोखीने भरलेल्या केंद्रीय जीएसटीचे ५८ टक्के परत देण्याची सोय झाली. पूर्ण १०० टक्के द्या म्हणून काही कंपन्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. २०२२ साली न्यायालयाने तो हक्क नाकारला, पण सरकारांनी विचार करावा असे सुचवलेच.

आता आपल्या खात्याचे पाहा. चंदीगड-बद्दी रेल्वेमार्ग २००७-०८ मध्ये मंजूर झाला. अंतर जेमतेम तीस किलोमीटर. २०१० पर्यंत उभ्या राहिलेल्या शेवटच्या कारखान्याचीही दहा वर्षांची मुदत २०२० ला भरली. तेव्हासुद्धा त्या मार्गावर एक गाडी धावली नव्हती. कारखानदाराची सवलत वेळेवर, लोकांची गाडी उशिरा. आपण रेल्वेवाल्यांनी पाच मिनिटांच्या उशिराला लेखी खुलासा द्यायचा, या उशिराचा खुलासा कोणाकडून घ्यायचा?

आपल्या घरचेही तेच

महाराष्ट्राने दुसऱ्याकडे बोट दाखवू नये. आपली सामूहिक प्रोत्साहन योजना १९६४ पासूनची. मूळ हेतू चांगला होता. मुंबई-ठाण्यात गर्दी नको, उद्योग मराठवाडा-विदर्भ-कोकणात जावेत. पण हेतू मागे पडला आणि हिशेब पुढे आला. ऐंशी-नव्वदच्या दशकात विक्रीकर लांबणीवर टाकण्याची सवलत जोरात होती. दुकानात तुमच्या-आमच्याकडून विक्रीकर पूर्ण वसूल व्हायचा, पण कंपनी तो सरकारात न भरता वर्षानुवर्षे बिनव्याजी वापरायची. पुढे २००२ साली कायदा दुरुस्त करून सांगितले, नंतर भरायचे ते आजच्या मोलाने आत्ता भरा आणि मोकळे व्हा. एक उदाहरण कोर्टाच्या कागदावरचे आहे. सुल्झर इंडिया या पुण्याच्या कंपनीचे लांबणीवर टाकलेले देणे ७ कोटी ५२ लाख होते. तिने ३ कोटी ३७ लाख भरले आणि खाते मिटले. उरलेल्या ४ कोटी १५ लाखांवर आयकर लागतो का, असा वाद झाला. २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाने नाही म्हटले, २०१७ साली अशाच प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठरवले. कंपनीने बेकायदा काही केले नाही. आजचा रुपया उद्याच्या रुपयापेक्षा मोठा, हे गणितही मला मान्य. पण ग्राहकाने तर सगळा कर मोजून दिला होता!

राज्याराज्यांची ही सवलतींची चढाओढ इतकी विकोपाला गेली, की नोव्हेंबर १९९९ मध्ये मुख्यमंत्र्यांनी एकत्र बसून १ जानेवारी २००० पासून विक्रीकराच्या नव्या सवलती बंद करायचे ठरवले. दाराला कडी लावली, खिडकी उघडी ठेवली. सवलत जाऊन 'अनुदान' आले. २००७, २०१३, २०१९ च्या प्रोत्साहन योजनांत राज्यात विकलेल्या मालावरच्या कराच्या मापाने औद्योगिक प्रोत्साहन अनुदान, शिवाय विद्युत शुल्क माफ, मुद्रांक शुल्क माफ. तुम्ही मोटारसायकल घेतली, पावतीवर राज्य जीएसटी स्पष्ट छापलेला आहे. तुम्ही समजता हा पैसा शाळेला, दवाखान्याला जातो. कारखाना योजनेत बसत असेल, तर त्यातला वाटा फिरून कारखानदाराकडेच जातो. आयजीच्या जिवावर बायजी उदार!

यातला एक शब्द लक्षात ठेवा. २००७ च्या योजनेत विशाल प्रकल्पाची व्याख्या होती : विकसित भागात ५०० कोटींची गुंतवणूक 'किंवा' हजार जणांना रोजगार. या 'किंवा'त सगळे आले. यंत्रमानव आणून ५०० कोटी खर्च केले, तरी विशाल. स्थानिकांना ८० टक्के नोकऱ्या ही अट कागदावर आहे, चांगली आहे. पण स्थानिक म्हणजे कायम नव्हे. ठेक्यावरचा स्थानिकही अट पुरी करून देतो आणि अकराव्या महिन्यात गावी परततो.

"सवलत दिली नाही तर उद्योग पळतील"

हा त्यांचा हुकमी एक्का. सप्टेंबर २०२२ मध्ये तळेगावचा म्हणून गाजलेला वेदांत-फॉक्सकॉनचा १ लाख ५४ हजार कोटींचा प्रकल्प गुजरातला गेला, तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला! कोणी कमी सवलत दिली, कोणी जास्त, यावर सगळे पक्ष भांडले. कायम नोकऱ्या किती आणि वेतन किती, हे कोणीही विचारले नाही. जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉन त्या भागीदारीतूनच बाहेर पडली. ज्याच्यासाठी दोन राज्ये भांडली, तो नवरदेवच मांडवातून उठून गेला.

याच फॉक्सकॉनची अमेरिकेतली गोष्ट ऐका. २०१७ साली विस्कॉन्सिन राज्याने १३ हजार नोकऱ्यांच्या बोलीवर सुमारे तीन अब्ज डॉलरच्या सवलती कबूल केल्या. नोकऱ्या झाल्या नाहीत. पण तिथल्या करारात एक शहाणपण होते : आधी नोकऱ्या मोजा, मग पैसे. म्हणून २०२० मध्ये राज्याने करसवलत नाकारली, आणि २०२१ मध्ये करार खाली आला आठ कोटी डॉलर आणि १,४५४ नोकऱ्यांवर. न्यू जर्सी, जिथे आपली कितीतरी मराठी कुटुंबे आहेत, तिथे कंपनी करातून सूट देण्याच्या योजनेची तपासणी जानेवारी २०१९ मध्ये राज्याच्या नियंत्रकाने प्रसिद्ध केली. कंपन्यांनी दाखवलेल्या जवळपास तीन हजार नोकऱ्यांचा पुरावाच सापडला नाही. अमेरिकेतल्या राज्यांना आणि नगरपालिकांना २०१५ च्या एका हिशेब-नियमाने सोडलेल्या कराची रक्कम जाहीर करावी लागते. भांडवलशाहीच्या माहेरघरी जे मागता येते, ते आपण मागितले की 'विकासविरोधी' ठरतो!

आणि आपल्याला काय मिळाले?

२० सप्टेंबर २०१९ रोजी कंपन्यांचा मूळ कर २२ टक्क्यांवर आला, नव्या कारखान्यांना १५ टक्के. सरकारनेच सांगितले, वर्षाला १ लाख ४५ हजार कोटी सोडले. कमी दर घेणाऱ्या कंपनीने बहुतेक इतर सवलती सोडायच्या होत्या, पण ८०-जेजेएए तिच्याकडे राहिली. सहा महिन्यांत कोरोना आला. तेव्हा सरकारला काटकसर आठवली. १ जानेवारी २०२० पासून १८ महिने आपला महागाई भत्ता गोठवला, तीन हप्ते बुडाले. त्यातून ३४,४०२ कोटी वाचले, असे सरकारनेच संसदेत सांगितले. आपल्या भाकरीतून दीड वर्षात काढलेल्या रकमेच्या चौपटीहून जास्त रक्कम एका वर्षात कंपन्यांना सुटली. त्याच मार्च २०२० मध्ये म्हाताऱ्या माणसांची रेल्वे तिकिटातली सवलत काढली गेली. सवलत हा शब्द वाईट आहे, हे म्हाताऱ्यांनाच तेवढे समजावले गेले.

कोणी म्हणेल, आता नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंत आयकर नाही, तक्रार कसली? ही माफी मिळाली, चांगले झाले. पण साबणापासून गॅसच्या शेगडीपर्यंत जीएसटी तुमचा ट्रॅकमनही भरतो आणि ग्रामीण डाक सेवकही. २०२३-२४ मध्ये कंपन्यांचा कर ९ लाख ११ हजार कोटी आणि व्यक्तींचा कर, शेअर व्यवहारांवरचा कर धरून, १० लाख ४४ हजार कोटी होता. देशातल्या सगळ्या कंपन्यांपेक्षा माणसांनी जास्त आयकर भरला. तिजोरी कोणाची, हे यावरून ठरवा.

आपण काय मागायचे, काय करायचे

उद्योगांना मदतच करू नका, अशी आपली भूमिका नाही. दुष्काळी तालुक्यात खरोखर कायम नोकऱ्या देणारा कारखाना येत असेल, तर जरूर मदत करा. पण पैसा लोकांचा, नाव कामगाराचे, मग हिशेबही या दोघांसमोर झाला पाहिजे. म्हणून :

१. कोणत्या कंपनीला कोणत्या वर्षी किती करसवलत, किती अनुदान, कबूल नोकऱ्या किती, प्रत्यक्षात कायम किती आणि ठेक्याच्या किती, याची यादी केंद्र व राज्य सरकारने दरवर्षी प्रसिद्ध करावी.

२. ज्या कामगाराच्या नावावर सवलत मागितली, त्याच्या पगारपत्रकावर तशी नोंद असावी. रोजगाराच्या दाव्यावर मान्यताप्राप्त युनियनची, युनियन नसेल तर निवडलेल्या कामगार प्रतिनिधीची सही असल्याशिवाय दावा मंजूर होऊ नये.

३. सवलत फक्त थेट आणि कायम नोकरीसाठी. ठेका कामगाराला वगळणारे २०१६ पूर्वीचे शब्द कायद्यात परत घालावेत. आयकरासाठी ज्याचे २४० दिवस भरले, त्याचे ते दिवस कामगार न्यायालयातही पुरावा मानावेत.

४. आधी नोकऱ्या, मग पैसे. नोकऱ्या घटवल्या किंवा कारखाना हलवला तर सव्याज वसुली.

५. राज्याराज्यांतली चढाओढ थांबवायला १९९९ सारखा, पण या वेळी खिडकीसुद्धा बंद करणारा करार व्हावा.

६. आपल्या महागाई भत्त्याचे १८ महिन्यांचे थकलेले हप्ते मिळालेच पाहिजेत. पैसा नाही, हे उत्तर आता चालणार नाही.

मागण्या दिल्ली-मुंबईला पाठवून हात झटकू नका. आपल्या शाखांनी दोन कामे आजच हाती घ्यावीत. एक, जिल्हा उद्योग केंद्रात माहिती अधिकाराचा अर्ज टाका : या जिल्ह्यात प्रोत्साहन योजनेखाली कोणाला किती अनुदान आणि किती कामगार दाखवले? आयकर विवरण गोपनीय असेल, राज्याचे अनुदान लोकांच्या पैशाचे आहे. दोन, तुमच्या स्टेशनवर सफाई करणारा, गाडीत चादरी वाटणारा, टपालाची थैली उचलणारा जो ठेका कामगार आहे, त्याला पीएफचे पासबुक उघडायला शिकवा. किती मालक बदलले, तारखा भरल्या का, रक्कम जमा झाली का, हे त्याच्याबरोबर बसून पाहा. तो आपल्या युनियनचा सभासद नाही म्हणून मान फिरवू नका. आज त्याचे नाव वापरून सवलत घेतली जाते, उद्या त्याला पुढे करून तुमची जागा भरली जाईल.

त्या रात्री चंदीगड स्टेशनवर गाडीची वाट पाहताना टपालवाले काका म्हणाले, "आपण आयुष्यभर मनीऑर्डरी वाटल्या. पैसे देताना घेणाऱ्याची सही घेतल्याशिवाय एक रुपया सोडला नाही. अन् हे कोट्यवधी सोडतात, ज्याच्या नावाने त्याची सहीच नाही!"

साथींनो, ती सही आपण मागायची आहे.

कामगार एकजूट झिंदाबाद!